ताणावर सोडलेली बाग

या दिवसांत आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा बघायला बऱ्या वाटत नाहीत. डिसेंबरच्या आधीच पाणी बंद केलेलं असतं. पानं आधी कडेने वळतात, मग पिवळी पडतात, मग गळायला लागतात. परवा मी जालन्याहून घरी येत होते. एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत चालली होती. ट्रॉल्या अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या बागा वाळत उभ्या. शेजारी बसलेली बाई लांबच्या गावची असावी. ती म्हणाली, "काय रोग पडला वं इथं?" मी म्हणाले, "रोग नाही. ताणावर सोडल्यात." तिला कळलं नसावं. मीही पुढे सांगितलं नाही. समजावून सांगण्याची माझी हौस आता गेली आहे.

मोसंबीला वाळवल्याशिवाय बहर येत नाही. दीड-दोन महिने झाड तहानेलं ठेवायचं. झाड घाबरतं, असं बापू म्हणायचे. घाबरलं की ते फुलायचं बघतं. मग जानेवारीत हलकं पाणी द्यायचं, आठवड्याने भरपूर द्यायचं, की पंधरा-वीस दिवसांत पांढरी कळी दिसते. यात सगळं कसब थांबण्यात आहे. झाड मान टाकतंय असं दिसलं की नव्या माणसाचा जीव राहत नाही, तो पाणी सोडून मोकळा होतो. मग ताण तुटतो आणि बहर फसतो. बापूंचा हात या कामात पक्का. आमच्या शिवारात लोक त्यांना विचारून पाणी सोडायचे.

फाट्यावर उतरून पायवाटेला लागले तर आमची बाग लांबूनच ओळखू आली. सगळ्यांत तीच हिरवीगार होती. खाली ओल होती, नळ्यांतून पाणी ठिबकत होतं. बांधावर शेजारचे कडुबा काका उभे होते.

"आली का कॉलेजवाली? बरं झालं. तुझ्या बापाला काही समजून सांग. सगळ्या शिवारात हा एकटाच पाणी देऊन राह्यला. औंदा मोसंबीच्या जागी पाला तोडून पाठवणार हाये का बाजारात?"

बापू तिथेच खाली बसून नळीत अडकलेला कचरा काढत होते. एरवी ते कडुबा काकांचं काही उधार ठेवत नाहीत. एकाला दोन टोमणे परत मारतात. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. कडुबा काका मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जाय घरी. माय वाट बघती."

हे लिहावं की नाही, मी बरेच दिवस ठरवू शकले नव्हते. अजूनही ठरलेलं नाही, पण लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास आरतीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आरती माझी धाकटी बहीण. आठवीत होती. दंडावर, मांड्यांवर निळे-जांभळे डाग. मायला वाटलं कबड्डीत पडली असेल. "कोणी मारलं का गं तुला? खरं सांग," असं तिने दहादा विचारलं. आरती म्हणायची, "मला कोण मारतंय? मीच दुसऱ्याला मारते." तेही खरंच होतं. पुढे अंबडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हाला संभाजीनगरला पाठवलं. तिथे मोठ्या रुग्णालयात कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून पाहिला. रक्ताचा कॅन्सर. हे दोन शब्द आमच्या घरात कोणीच मोठ्याने उच्चारले नाहीत. 'ते रक्ताचं' असंच आम्ही म्हणायचो.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बापू चौथी शिकलेले. मायला सही येते, तीही मीच शिकवलेली. वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. मी तुला नीट सांगते, तू आई-वडिलांना त्यांच्या भाषेत सांग." व्हरांड्यात उभं राहून त्यांनी सांगितलं आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. रक्त हाडाच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथेच वाईट पेशी माजल्या आहेत. औषध त्यांना मारेल, पण औषधाला चांगली पेशी आणि वाईट पेशी असा भेद पुरता कळत नाही. मज्जा रिकामी होईल. पांढऱ्या पेशी जातील, त्या रोगजंतूंशी लढतात. रक्त थांबवणाऱ्या पेशी जातील. लाल पेशी कमी झाल्या की ती पांढरी फटक पडेल, धाप लागेल. मग काही दिवसांनी मज्जा पुन्हा भरेल. "मधले दिवस सांभाळायचे," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवसांत ताप आला, शंभराच्या वर गेला, तर वाट पाहायची नाही. गोळी देऊन ताप लपवायचा नाही. लगेच इकडे निघायचं."

बापू आणि माय खाली लिंबाच्या पारावर बसले होते. बापू उठून उभे राहिले. "काय म्हणल्या बाई?"

मी वही उघडली. अस्थिमज्जा म्हणाले, पेशी म्हणाले. बापू माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच हलत नव्हतं. माय पदराला पीळ घालत होती. मला रडू यायला लागलं, कारण एवढं शिकून मला माझ्या बापाला एक गोष्ट सांगता येत नव्हती. आणि मग ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"बापू, आपण बाग ताणावर सोडतो ना? तसंच हाये हे. औषधानं आतलं सगळं वाळवायचं. पानं गळणार, झाड मान टाकणार. घाबरायचं न्हाई. मंग नवा बहर येतो."

बापूंचा चेहरा एकदम सुटला. "असं म्हण की मंग!" ते म्हणाले. मायकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या चार-पाच पेशंटांच्या घरच्यांना त्यांचं ते सांगून झालं होतं. परतूर तालुक्यातल्या आष्टीचा एक बाप होता, त्याला म्हणाले, "माझी पोरगी कॉलेजात हाये. तिनं बिलकुल बराबर समजून सांगितलं."

मला आनंद झाला. हे मला लिहिलंच पाहिजे. आत माझ्या बहिणीच्या हाताला सलाईन होतं, आणि बाहेर माझ्या शिकण्याचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला म्हणून मला आनंद झाला होता.

तापाचं मी सांगितलं होतं. अगदी नक्की सांगितलं होतं. पण ते उदाहरणानंतर सांगितलं. तोवर बापूंनी सगळं मनात लावून ठेवलं होतं, आणि त्यात तापाला जागा नव्हती. झाडाला ताप येत नाही.

पहिल्या वेळी सगळं उदाहरणाप्रमाणेच झालं. आम्ही रुग्णालयातच होतो. रोज सकाळी रक्त घ्यायचे, दुपारी कागद यायचा. बापू मला दारातच विचारायचे, "आज किती?" पांढऱ्या पेशी कमी झालेल्या सांगितल्या की ते समाधानाने मान हलवायचे, "बसला ताण." शेजारच्या खाटेवरची बाई त्यांच्याकडे चमकून बघायची, पोरीच्या पेशी कमी झाल्या म्हणून खूश होणारा हा कोण बाप. आरतीच्या पायांवर बारीक लाल टिपके उठले तेव्हा रक्त थांबवणाऱ्या पेशींची पिशवी लावली. ती पिशवी पिवळसर असते. बापू ती उजेडात बघत म्हणाले, "मोसंबीचा रसच वाटतो गं." आरती म्हणाली, "मंग मीठ-साखर टाका न् द्या मला प्यायला." काही दिवसांनी पेशी वाढल्या. मॅडम हसल्या. बापूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बहर आला बघ."

एकदा खरं ठरलेल्या गोष्टीवर माणूस पुढे किती भार टाकतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढचं औषध देऊन त्यांनी आम्हाला जानेवारीत घरी सोडलं. जाताना एक कागद दिला, त्यावर सगळं छापलेलं होतं, तापाचंही. तो कागद मी भिंतीतल्या देवळीत ठेवला. मायने पुढची खोली सारवून-पुसून लख्ख केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दारातच साबण पुढे करायची. कडुबा काकांनाही तिने सोडलं नाही. ते म्हणायचे, "वहिनी, माझ्या बायकोनं पंचवीस वर्षांत जेवढे हात धुवाय लावले न्हाईत तेवढे तुम्ही एका हप्त्यात लावले."

आरतीचे केस गेले होते. ती आरशात बघून म्हणाली, "ताई, माझा पार खराटा झाला." दुपारी ऊन कोवळं असायचं तेव्हा तोंडाला फडकं बांधून आम्ही तिला बागेच्या कडेला खुर्चीवर बसवायचो. बाग तेव्हा ताणावर होती. पिवळी पानं टपटप पडायची, वारा नसतानाही. त्या दिवसांतला तो आवाज मला अजून ऐकू येतो. पान पडल्याचा आवाज खरं तर येत नाही, पण सगळं इतकं कोरडं असलं की येतो.

"बापू, ही झाडं न् मी एकाच वर्गात हाये का?"

"व्हय. न् मी तुमचा मास्तर."

"मंग सुट्टी कव्हा देता?"

"कळी दिसली की."

नवव्या दिवशी अंबडला रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी तीनशे. चार हजारांच्या वर असायला हव्यात. मी कागद वाचून दाखवला तेव्हा बापू म्हणाले, "झालं. याच्या खाली आता काय जाणार? आता वरच यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायने आरतीच्या कपाळाला हात लावला आणि मला हाक मारली. तापमापीत शंभर आणि वर आठ रेघा. माय लगेच म्हणाली, "गाडी बघा जल्दी. कागदावर लिहेल हाये ना."

बापू खाटेशी बसले. मग म्हणाले, "थांब जरा. शेवट-शेवटच झाड असं करतं. आता हिला ऐंशी किलोमीटर गाडीत हालवायचं, तिथं खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत बसवायचं. त्यानंच जास्त व्हायचं." आणि मग माझ्याकडे वळले. "तूच सांगितल्तंस ना गं? खाली जाऊन वर येतं म्हणून?"

त्यांनी मला विचारलं होतं. हे मी वर्षभर स्वतःला सांगते आहे. त्यांनी ठरवलं नव्हतं, विचारलं होतं. घरात शिकलेली मी होते. देवळीत कागद होता, मी तो वाचलेला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की बापू, उदाहरण इथपर्यंतच होतं, इथून पुढे ते लागू नाही. पण ज्या एका गोष्टीवर ते इतके दिवस उभे होते ती मीच दिलेली होती. ती काढून घ्यायला माझी जीभ वळली नाही. आणि मलाही ते खरं असायला हवं होतं. मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू."

तापाची गोळी दिली. तासाभरात ताप उतरला. आरतीने वरण-भात खाल्ला, वर लिंबू मागितलं. माझी सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून वही सोबत आणली होती. तिने ती ओढून घेतली आणि आकृत्या बघायला लागली.

"हे काय काढलंस?"

"हृदय."

"हे काळीज हाये का सीताफळ? न् मास्तरीण बरोबरची खूण बी करतात यावर?"

आम्ही सगळे हसलो. माय तेवढी हसली नाही. ती दिवसभर दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून बघत होती. संध्याकाळीही अंग गारच होतं. मी बापूंना म्हणाले, "बघा, उतरला." हेही मीच म्हणाले.

सकाळी आरतीचे हात-पाय थंड होते आणि ती थरथरत होती. ओठ वेगळ्याच रंगाचे दिसत होते. कडुबा काकांच्या पोराची गाडी होती, तिच्यातून निघालो. डॉक्टर मॅडमनी नाडी धरली आणि विचारलं, "ताप कधीपासून?"

"काल सकाळपासून," बापू म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. रागावायला वेळही नव्हता. त्या नुसतं एकदा बघून आत गेल्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं की अशा वेळी अंगावर कुठे सूज येत नाही, पू होत नाही, लाली दिसत नाही. कारण ते सगळं पांढऱ्या पेशी करतात आणि त्याच नसतात. ताप तेवढा दिसतो. आतून दुसरी कसलीच हाक येत नाही.

पाचव्या दिवशी आरती गेली. तिच्या शेवटच्या कागदावर पांढऱ्या पेशी शंभराच्या आत होत्या.

आम्ही रुग्णालयात होतो त्या दिवसांत कडुबा काकांनी आपल्या बागेबरोबर आमच्या बागेलाही पाणी सोडलं. त्यांनी चांगलंच केलं, वेळही बरोबर साधली. दहावा झाला, पाहुणे गेले, आणि एका सकाळी मी दार उघडलं तर घर वासाने भरलं. सगळी बाग पांढरी झाली होती. इतका बहर आमच्या बागेला कधी आला नव्हता, असं लोक म्हणाले. मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. मायने खिडक्या लावून घेतल्या. महिनाभर तिने त्या उघडल्या नाहीत. बापू दारात उभे राहायचे, बागेत जायचे नाहीत.

मला तो वास अजून सहन होत नाही. कॉलेजच्या रस्त्यावर रसवंतीच्या शेजारी एक जण मोसंबी सोलत बसतो, तिथून मी दुसऱ्या बाजूने जाते. या वर्षी वर्गात मज्जेचा धडा होता. सरांनी फळ्यावर लांब हाड काढलं, आत पोकळी काढली, ती रंगीत खडूने भरली. मी ते वहीत उतरवून घेतलं. माझी आकृती चांगली आली. आता मला त्या मधल्या दिवसांचं इंग्रजी नाव माहीत आहे, किती पेशींच्या खाली धोका असतो ते माहीत आहे, कुठलं औषध किती वेळात सुरू व्हायला हवं तेही माहीत आहे. हे सगळं मी परीक्षेत लिहू शकेन. याचा मला काही उपयोग नाही. ज्ञानाने माणूस मोकळा होतो असं आम्हाला शाळेत सांगत. मला तर जेवढं जास्त कळतं तेवढी ती सकाळ जास्त स्पष्ट दिसते.

काल दुपारी मी बागेत गेले. बापू एका झाडाच्या खोडाला पाठ लावून बसले होते. मीही बसले. खाली माती ओली होती. आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी असे बसलो होतो. मी वर्षभर जे म्हणायचं ठरवत होते ते म्हणाले.

"बापू, ते ताणाचं मी चुकीचं सांगितल्तं. म्हणजे अर्धंच बरोबर होतं. न् त्या दिवशी 'संध्याकाळपर्यंत बघू' असं मीच म्हणले. तुम्ही लोकांना सांगता की तुमची चूक झाली. तुमची न्हाई, माझी झाली."

बापूंनी हातातलं गवत टाकलं. "तुझ्यावर राग धरून मी पाणी देऊन राह्यलो असं वाटलं का तुला? तसं न्हाई, बाई. मला झाडं तशी पाहवंनात, बस. पानं गळाय लागली की मला वाटतं, काही तरी राहून जाऊन राह्यलंय, जल्दी कर."

रस्त्यावरून एक ट्रॉली गाणी लावून गेली. तिचा आवाज पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"एक इचारू? खरं सांग. पुस्तकात हाये ते सांग. उदाहरण देऊ नको."

"विचारा."

"आदल्या दिवशी सकाळीच निघालो असतो, तर आरती राह्यली असती का?"

हा प्रश्न मी मॅडमना विचारला होता, दहाव्यानंतर, फोनवर. त्या म्हणाल्या होत्या की एकेका पेशंटचं नक्की सांगता येत नाही. मग म्हणाल्या होत्या की वेळेत आलेली मुलं बहुतेक वाचतात. यातलं पहिलं वाक्य मला बापूंना सांगता आलं असतं. ते खोटं नव्हतं. ते घेऊन ते उरलेली वर्षं काढू शकले असते. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. नखांत ओली माती होती.

"बहुतेक राहिली असती," मी म्हणाले.

बापूंनी मान हलवली. एकदा हलवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तुझ्या मायला सांगू नको हे. ती निघा म्हणल्ती."